सतरावी काडी

प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांनी हिमालय पाहिलेला असतो, निदान कन्याकुमारी तरी. मी नागपूरहून निघालो, गुजरातेतल्या एका तेलाच्या गावी एकवीस दिवस राहिलो आणि परत आलो, एवढंच. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला आणि प्रॅक्टिकलच्या वहीपलीकडे मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या कॉलेजच्या अंकाच्या संपादक सरांनी हा लेख गेल्या वर्षीच मागितला होता, पण मी दिला नाही. एक तर भीती वाटली, आणि दुसरं म्हणजे या प्रवासाचा शेवट तेव्हा माझ्याकडे नव्हता. तो गेल्या आठवड्यात टपालाने आला. म्हणून आता धीर करतो. चुकलं-माकलं वाचकांनी पोटात घालावं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गोष्ट एका कचेरीच्या आतली आहे आणि तिच्यात एक चूक आहे. चूक माझी आहे.

निघताना

बी. एस्सी.ला माझा विषय भूगर्भशास्त्र. पहिल्या वर्षानंतरच्या सुटीत तेलक्षेत्रावर प्रशिक्षणाला जायला आमच्या कॉलेजातून दोघांची निवड झाली. दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न निघालं म्हणून मी एकटाच उरलो.

माझे बाबा कन्हानजवळच्या कोळशाच्या खाणीत काम करतात, जमिनीखाली. मी ट्रंक भरत होतो तेव्हा ते बाजेवर बसून पाहत होते.

"कोळसा निदान हाताले लागते," ते म्हणाले. "तेल तं दिसत बी नाही म्हणतेस. मंग तुमी तिथं पाह्यता काय?"

मी सदऱ्यांच्या घड्या घालत राहिलो. आईने जवसाच्या चटणीची बरणी कपड्यांच्या घड्यांत खोचली आणि म्हणाली, "त्याले कायले विचारता? तो तेच शिकाले चालला ना."

भुसावळला गाडी बदलली आणि सुरतेच्या रस्त्याला लागलो. या प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, कारण बहुतेक वेळ मी ट्रंकेवर बसून होतो.

तेलाचं गाव

आपल्याकडचा मे महिना भट्टीसारखा असतो, पण कोरडा. डोक्याला दुपट्टा बांधला, खिशात कांदा ठेवला की माणूस फिरतो. तिथला मे अंगाला चिकटतो. सकाळी घातलेला सदरा दहा वाजेपर्यंत पाठीला लागायचा आणि संध्याकाळपर्यंत सुटायचा नाही. गाव सपाट, काळ्या मातीचं. आपल्या काटोलकडच्या मातीसारखीच माती, पण संत्र्याची झाडं नाहीत. लांबपर्यंत शेतं आणि शेतांच्या मधोमध मान खालीवर करणारे लोखंडी पंप. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते कबूल-कबूल म्हणत मान डोलावत आहेत असं वाटलं.

पहिल्याच दिवशी मेसमध्ये फजिती झाली. डाळ गोड लागली. मला वाटलं, स्वयंपाक्याच्या हातून साखर सांडली असेल, बिचाऱ्याला बोलणी बसू नयेत. म्हणून काही न बोलता वाटी बाजूला सारली आणि चटणीशी पोळी खाल्ली. तिसऱ्या दिवशीही डाळ गोड. "आजही साखर सांडली," मी पुटपुटलो. तेव्हा समोर बसलेल्या बाई हसल्या.

"साखर सांडली नाही गा. इथं डाळीत गूळच घालतात. मी आली तेव्हा महिनाभर रडली. कुठचा तू?"

"कन्हानचा. नागपूरजवळ."

"मी अकोल्याची. ते चटणी जवसाची हाय काय? इकडे सरकव."

या इंगळे मॅडम. माझं प्रशिक्षण त्यांच्याच हाताखाली होतं, हे मला नंतर कळलं. वय चाळिशीचं, सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. त्या कचेरीत साहेबांच्या खुर्चीवर बसणारी ती एकच बाई होती. इतरांशी त्या हिंदीत किंवा इंग्रजीत बोलत, आणि माझ्याशी वऱ्हाडीत. परमुलखात आपली बोली ऐकली की अर्धी भूक भागते, हे मी तिथे शिकलो.

खराटा

मॅडमचं काम काय होतं ते समजायला मला चार दिवस लागले. ते मला समजलं तसं सांगतो.

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. मॅडमनी मला कोपऱ्यातला माठ दाखवला. "याच्या भिंतीत पाणी आहे का नाही?" आहे, पाझरतं. "दिसते काय?" नाही. तेलही असंच दगडाच्या कणाकणांत असतं, दीड-दोन किलोमीटर खाली. विहिरी खोदल्या तिथला दगड थोडाफार ठाऊक असतो. दोन विहिरींच्या मधे काय आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून कागदावर त्या दगडाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला अंदाजाने आकडे देतात, किती पोकळ, किती पाझरणारा. हे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर जातात, कार्डांच्या पेट्या जीपने बडोद्याला संगणकाकडे जातात आणि दोन दिवसांनी कडेला छिद्रं असलेल्या लांबच लांब कागदाचा गठ्ठा परत येतो. त्यात लिहिलेलं असतं, दगड असा असेल तर तेल किती येईल आणि तेलाबरोबर खारं पाणी केव्हा येईल.

या कागदी दगडाची परीक्षा अशी की त्याने मागची वर्षं बरोबर सांगितली पाहिजेत. जुन्या विहिरींतून खरोखर जे निघालं तेच त्याच्यातून निघालं पाहिजे. नाही निघालं तर आकडे बदलायचे. दुसरीकडचे लोक, मॅडम म्हणाल्या, एक दगड जुळला की थांबतात आणि त्याचं भविष्य साहेबांना नेऊन देतात. मॅडम थांबल्या नव्हत्या. त्यांनी वेगवेगळे साठ दगड कल्पले. त्यांतले अडतीस मागच्या वर्षांशी जुळेनात म्हणून टाकून दिले. बावीस जुळले. बावीस तऱ्हेचे दगड, एकमेकांशी न पटणारे, आणि सगळ्यांचा भूतकाळ एकच!

माझं काम होतं त्या बावीस गठ्ठ्यांतून दर महिन्याचं पाणी शोधून आलेख काढायचा. उत्तरेकडच्या भागात नवी विहीर सुरू व्हायची होती, तिच्यात पाणी केव्हा येईल हा प्रश्न होता. मी पेन्सिलने काढलेल्या रेषा मग नकाशे काढणारे रतिलालभाई शाईने एका मोठ्या पारदर्शक कागदावर उतरवत. डावीकडे, गेल्या वर्षांत, सगळ्या रेषा एकमेकींना चिकटून जुडी झालेल्या. आजच्या तारखेला उभी रेघ. त्या रेघेच्या पलीकडे त्या फाकत जात.

"मॅडम का सावरणा," रतिलालभाई म्हणाले. सावरणा म्हणजे झाडू. "पूरा ऑफिस हँसता है. बोलते हैं, मॅडम इससे झाडू लगाएगी, तेल थोड़े ही निकालेगी."

मी मॅडमना सांगितलं की आमच्याकडे अंगण झाडायचा खराटा अगदी असाच दिसतो, बुडाशी बांधलेला, पुढे फाकलेला. त्यांना ते आवडलं. त्या दिवसापासून प्रत्येक रेषेला आम्ही काडी म्हणू लागलो.

मला त्या बाईंचं फार नवल वाटायचं. मोठेमोठे लोक विचारल्याबरोबर एक आकडा सांगतात आणि हुशार ठरतात. या मात्र म्हणत, "मले ठाऊक नाही, पण किती ठाऊक नाही ते सांगू शकते." आमच्या कॉलेजात असं उत्तर दिलं तर शून्य मिळेल.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" कॉलेजात मी 'नोकरी' एवढंच सांगतो. पण त्यांना खरं सांगितलं.

"खाणीत? मंग वरचं छत पडणार नाही हे कसं पाह्यतात?"

मी सांगितलं, प्रत्येक पाळीला कामाला हात लावण्याआधी लोखंडी सळईने छत ठोकतात. घणघणीत आवाज आला तर पक्कं. बद्द आवाज आला तर मागे सरायचं आणि टेकू लावायचे.

"रोज ठोकतात?"

"रोज. मधेही ठोकतात."

"अन् पोकळ निघते किती वेळा?"

"बाबांच्या बाजूला आजवर दोनदा निघालं म्हणतात. एकवीस वर्षांत."

त्यांनी मला हे सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग नुसती चटणी खात राहिल्या. बरणी त्या दिवशी संपली.

काडी

आता माझी चूक. एकवीस काड्या सांगत होत्या की नव्या विहिरीत पाणी दहाव्या ते अठराव्या महिन्यात येईल. एकटी सतरावी काडी तिसऱ्याच महिन्यात सरळ वर चढली. जुडीतून वाकडी निघालेली ती काडी मला खुपली. आकडे पुन्हा तपासले, तेच आले. मला वाटलं, बडोद्याच्या यंत्राचीच चूक असेल. खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. मोठे साहेब दोन दिवसांनी आलेख पाहायला येणार होते, लोक आधीच हसत होते, आणि मॅडमचा कागद देखणा दिसावा असं मला मनापासून वाटत होतं. मी सतरावी काडी रतिलालभाईंना दिलीच नाही. गठ्ठा कपाटात खाली सारला.

आमच्या प्रॅक्टिकलला आम्ही हेच करतो. आधी रेष काढतो, मग तिच्यावर बसतील अशी रीडिंगं लिहितो. रेषेबाहेरचा एखादा ठिपका राहिला तर मार्क जातात. हे करताना मला चोरी केल्यासारखं मुळीच वाटलं नाही, टापटीप केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रतिलालभाईंनी मला स्कूटरवर मागे बसवून उत्तरेची विहीर दाखवायला नेलं. खोदायचं यंत्र अजून यायचं होतं. नुसती आखलेली जागा, आणि तिच्या कुंपणाला लागून एका म्हाताऱ्या काकांचं कपाशीचं शेत. काकांनी आम्हाला झाडाखाली बसवलं आणि पितळी लोट्यातून छास दिली, जिरं घातलेली, थंडगार. आपल्याकडे मठ्ठा पंगतीत मिळतो. तिथे अनोळखी माणसालाही छास पाजल्याशिवाय सोडत नाहीत. लोटा रिकामा झाला की ते न विचारता भरत होते.

मग त्यांनी मला विचारलं, रतिलालभाईंना नाही. मी शिकलेला दिसत होतो ना.

"बेटा, खारा पानी तो नहीं आएगा ने? उधर पुराने कुएँ का पानी नाले से निकला था. मेरे भाई का खेत दो साल सफेद पड़ा रहा."

"नहीं काका," मी म्हणालो, "एक साल तक तो बिलकुल नहीं. तब तक खारा पानी भरने की टाकी बन जाएगी."

ते एवढे खूश झाले की त्यांनी माझ्या हातात कोवळ्या काकड्या दिल्या. परत येताना स्कूटरवर त्या काकड्या मांडीवर होत्या. मला मागच्या पंपांकडे पाहवेना. कोणाच्या भरवशावर मी 'बिलकुल' म्हणालो? कपाटात खाली सारलेला गठ्ठा मला ठाऊक होता, त्यांना नव्हता.

सकाळी मी मॅडमच्या आधी कचेरीत जाऊन उभा राहिलो. मोठे साहेब अकराला येणार होते.

"मॅडम, मी एक काडी काढली."

"कोणती?"

"सतरावी."

त्या खाली बसल्या. "काहून?"

मी प्रॅक्टिकलच्या वहीचं सांगितलं. शेताचं सांगितलं. काकड्यांचंही सांगितलं, ते सांगायची खरं तर गरज नव्हती.

"कॉलेजात किती जण करता असं?"

"सगळेच."

त्या हसल्या, पण ते हसणं बरं वाटावं असं नव्हतं. मग म्हणाल्या, "आईक मेश्राम. या काडीनं असं धरलं आहे की दोन विहिरींच्या मधे एक चिंचोळी, लय पाझरणारी पट्टी आहे. पट्टी आहे का नाही, मले ठाऊक नाही. पण ती धरूनही मागचं सारं जुळते. मागचं जुळलं नाही तर काडी काढाची. पुढचं आवडलं नाही म्हणून नाही काढाची. समजलं?"

"हो."

"मंग बस अन् काढ. तुह्याच हातानं, शाईनं."

रतिलालभाई कपाळाला हात लावून उभे होते. "अरे मास्टर! तूने मेरा पूरा सावरणा बिगाड़ दिया. हाथ मत हिलाना. साँस भी मत ले!"

मी श्वास रोखून सतरावी काडी काढली. अकराला दहा मिनिटं असताना शाई अजून ओली होती आणि रतिलालभाई तिच्यावर वहीने वारा घालत होते.

मोठ्या साहेबांनी कागद पाहिला आणि पहिल्यांदा तीच रेष पाहिली. नवी शाई चकाकते.

"ये अभी-अभी बनी है?"

मी कागदाचं एक टोक धरून उभा होतो. मॅडमना माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं. ते खरंच झालं असतं.

"हमसे छूट गई थी, सर," त्या म्हणाल्या.

'हमसे'. हा शब्द मी जन्मभर विसरणार नाही.

"मुझे एक आँकड़ा दीजिए, मॅडम. पानी कब आएगा?"

"एक आँकड़ा मेरे पास नहीं है, सर. बाईस हैं. इक्कीस में टाकी अगले साल बने तो चलेगा. एक में तीसरे महीने पानी आएगा और टाकी नहीं होगी, तो वो खेतों में जाएगा."

"बाईस में एक! एक तिनके के लिए मैं साल भर पहले टाकी खड़ी करूँ?"

"बाईस में एक का मतलब ये नहीं कि बाईस में एक बार होगा, सर. मतलब ये है कि जो हम जानते हैं, वो इसे झूठा नहीं कह सकता."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, "टाकी पहले बनेगी. लेकिन फ़ाइल में लिखिए, किसके कहने पर बनी."

"लिख दिया है, सर," मॅडम म्हणाल्या, आणि फाईल पुढे केली. ती त्यांनी आधीच लिहून आणली होती.

परत आल्यावर

निघताना मॅडमनी मला अंबाड्यातली ती पेन्सिल दिली आणि रतिलालभाईंनी ठेपल्यांचं पुडकं. नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन असं कोरडं आणि ओळखीचं लागलं की मी फलाटावर उगाच थोडा वेळ उभा राहिलो. बाबांनी घरी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी माठ दाखवला. त्यांनी माठाला हात लावून ओला तळवा पाहिला आणि मान हलवली.

त्या वर्षीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत माझे तीन ठिपके रेषेबाहेर राहिले. सरांनी लाल शाईने गोल केले आणि मार्क कापले. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

विहीर जानेवारीत सुरू झाल्याचं मॅडमच्या एका ओळीच्या कार्डाने कळवलं. तेव्हापासून मी महिने मोजू लागलो. एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. तिसऱ्या महिन्यात पाणी यावं असं मला वाटत होतं. पाणी आलं असतं तर सतरावी काडी खरी ठरली असती, मॅडम खऱ्या ठरल्या असत्या, आणि माझं कबूल करणं कामी आलं असतं. त्या काकांच्या शेजारी खारं पाणी यावं असं मला वाटत होतं, टाकी आहे म्हणून का होईना. एप्रिल गेला, मे गेला. पत्र नाही. मी लिहायचो, उत्तर यायचं नाही. फाईलमध्ये कोणाचं नाव आहे ते आठवून मला धास्ती वाटायची. दिवाळीही गेली.

गेल्या आठवड्यात आंतर्देशीय पत्र आलं. पोस्टमन आला तेव्हा बाबा पाळीवरून परतले होते. मी ओट्यावर उभ्यानेच वाचलं, आणि मग त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते असं:

"मेश्राम, पाणी आलं. अकराव्या महिन्यात आलं, नवव्या काडीच्या अगदी जवळून. सतरावी खोटी निघाली. ती पट्टी तिथं नव्हतीच. टाकी दहा महिने कोरडी उभी होती. मोठे साहेब तिकडून गेले की विचारत, मॅडम, आपका पानी कहाँ है? रतिलालभाई सांगतात, दुपारच्या पाळीचे लोक टाकीच्या सावलीत डबा खात. तिचा एवढाच उपयोग झाला. काकाची कपाशी चांगली आहे. तुह्या पत्रांवरून दिसते की तू ती काडी खरी निघण्याची वाट पाहून राहिला. पाहू नको. मी पुढच्या विहिरीचा खराटा बांधून राहिली, त्यातही अशी एक काडी आहे, अन् ती राहणार आहे. तुह्या बाबाले सांग, छत पक्कं निघालं."